चहा मीच केला

"यू मेड टी. यस ऑर नो?"

साहेब ओरडत होता. टेबलापलीकडून. तोंड एवढं उघडून की दाढेत भरलेली चांदी मला मोजता आली असती. प्रत्येक शब्दानंतर थांबत होता, शब्द माझ्या कानात नीट उतरावा म्हणून. माझे कान ठणठणीत आहेत. नागपुरात इंदोऱ्याला बसून मी सीताबर्डीच्या बाजारातला भावताव ऐकायची. मला इंग्रजी येत नाही, एवढंच. पण या देशात इंग्रजी न येणं हा कानाचा आजार समजतात.

माझ्या शेजारी माझा मुलगा मिलिंद. टाय लावलेला. इथल्या शॉमबर्ग गावात एका काचेच्या इमारतीत तो कॉम्प्युटरचं काम करतो, पन्नास गोऱ्यांना मीटिंगमध्ये समजावून सांगतो, आणि ते माना डोलावतात. इथे त्याचीच मान खाली.

"आई," तो हळूच म्हणाला, "चहाचं विचारतायत."

"ऐकलं मी. पलीकडच्या गावानंही ऐकलं असेल."

एक कप चहा. त्यावरून माझी सुनावणी चालली होती. मी माणूस मारला असता तरी साहेब एवढा तापला नसता.

आता पहिल्यापासून सांगते. मी थापा मारते, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. हे सांगताना थोड्या मारीनच, जीभ ऐकत नाही. पण चहाचं आणि आंघोळीचं जे सांगेन ते जसं घडलं तसं.

मी नागपूरची. संत्रा मार्केटात पेट्या भरायची. माझा उजवा हात असा चालायचा की संत्र्याला वाटायचं आपण अजून झाडावरच आहोत, आणि तोवर ते कागदात गुंडाळून, पेटीत बसून, कलकत्त्याच्या वाटेला लागलेलं असायचं. त्या हातावर पोरगा शिकवला. पोरगा इंजिनिअर झाला, इथे आला, नवरा गेल्यावर मलाही घेऊन आला. घर केवढं म्हणता? माझ्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत यष्टी सुरू केली असती तर मधे दोन थांबे द्यावे लागले असते.

मग लकवा आला. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात. भावाभावांत शेत वाटतात तशी माझी वाटणी झाली. डावी बाजू मला, उजवी त्याला. संत्री गुंडाळणारा हात त्याच्या वाट्याला गेला. तो आता माझ्या मांडीवर पडलेला असतो, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

सून चांगली आहे. पण तिचं काम दुसऱ्या राज्यात. सोमवारी विमानानं जाते, गुरुवारी येते. तर मला आंघोळ कोण घालतं?

मिलिंद घालतो.

ऑफिसला जायच्या आधी. टबात प्लास्टिकची खुर्ची ठेवतो, मला उचलून बसवतो, आणि डोळे मिटतो. डोळे गच्च मिटून मुलगा आईला साबण लावतो. बघायचं नाही म्हणून. मग साबण कधी कानात जातो, कधी नाकात. मी विनोद करते. म्हणते, "अरे आंधळ्या, तो गुडघा आहे, डोकं वरच्या मजल्यावर." तो हसत नाही. त्याच्या कपाळावर घाम येतो, आणि तो घाम शॉवरच्या पाण्याहून वेगळा दिसतो मला. या पोराला मी परातीत बसवून न्हाऊ घातलं होतं. तेव्हा तो माझ्याकडे बघून खिदळायचा. आता आंघोळ झाली की दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत नाही. जेवताना माझ्या ताटाशी बोलतो.

एक बाई ठेवली होती त्यानं पैसे देऊन. घराचा हप्ता आणि ती बाई, दोघं दोन पगारांतही मावले नाहीत. बाई गेली, हप्ता राहिला.

मला फार काही नको होतं. एक परकी बाई पाहिजे होती. तिनं मला आंघोळ घालावी, आणि माझ्या मुलानं पुन्हा माझ्याकडे डोळे उघडून बघावं. बस.

अशी बाई मिळते, असं मिलिंदला कुणीतरी ऑफिसात सांगितलं. म्हाताऱ्यांसाठी सरकारी योजना आहे. ज्याचं शरीर चालत नाही त्याच्या घरी रोज थोडा वेळ मदतनीस येते. पण योजनेला दारं दोन. पहिल्या दारात शरीर बघतात, किती मोडलंय त्याचे पॉइंट्स देतात. दुसऱ्या दारात पैसा बघतात, तुमच्या स्वतःच्या नावावर किती आहे तो. पुरेसं मोडलेलं पाहिजे आणि पुरेसं गरीब पाहिजे. दुसऱ्या दाराची मला भीती नव्हती. या जगात माझ्या नावावर एक वॉकर होता. पहिल्या दाराची तर मुळीच नव्हती. अर्धं शरीर नाही, अजून काय मोडायचं?

तपासायला एक नर्सबाई घरी आली. रंगानं आमच्या वस्तीत शोभेल अशी. हसरी. बूट दारातच काढले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मला ती तिथेच आवडली.

सोफ्यावर बसून विचारू लागली. मिलिंद मराठीत सांगायचा, मी मराठीत उत्तर द्यायची, तो इंग्रजी करायचा. केस कोण विंचरतं. औषधं कोण देतं. जिना चढता येतो का. मग विचारलं, आंघोळ कोण घालतं.

मिलिंदनं मला ते मराठीत सांगितलं आणि गालिच्याकडे बघायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. परक्या बाईसमोर, पोराच्या तोंडून, ते वाक्य मी कसं काढून घेऊ?

"मीच करते," मी म्हणाले. "डाव्या हातानं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तेच इंग्रजीत सांगितलं. तोही लाजला होता. दोघांनी मिळून ते वाक्य पुरलं.

नर्सबाई मान हलवून पुढे गेली. आणि मला एकदम आठवलं, घरी माणूस आलंय आणि आपण चहा विचारला नाही.

इथे थोडं थांबते. हे कळलं नाही तर पुढचं कळणार नाही.

मी लहान असताना शाळेचे मास्तर वस्तीत आले होते, पोरांची नावं लिहायला. आईनं शेजारून उसनी कपबशी आणली, कान न तुटलेली. गुळाचा नाही, साखरेचा चहा केला. मास्तर खाटेवर बसले नाहीत. उन्हात उभे. आईनं कप पुढे केला तर म्हणाले, "आत्ताच घेऊन आलो."

सकाळपासून ते आमच्या वस्तीतच उभे होते. कुठे घेतला? कुठल्या घरी? वस्तीतल्या प्रत्येक दारात ते हेच सांगत आले होते. प्रत्येक दाराला वाटलं, मागच्या दारात घेतला असेल. आईनं तो कप आत नेऊन चुलीजवळ ठेवला. कुणाला पिऊ दिला नाही. साय धरली, माशी पडली, तरी हलवला नाही. मी त्या कपाकडे बघत झोपले.

मोठी झाले, मार्केटात लागले. तिथे शेठच्या माठातलं पाणी दिवाणजी वरून ओतायचा. आपण मान खाली घालायची, ओंजळ पुढे करायची. अर्धं पाणी कोपरावरून जमिनीला. माझा बाप मरताना काही ठेवून गेला नाही, एवढंच सांगून गेला की कुणापुढे मान खाली घालू नकोस. आणि तहान लागली की रोज दुपारी मी त्याचा शब्द मोडायची.

तेव्हा ठरवलं होतं. माझं घर होईल तेव्हा दारात येणारा प्रत्येक जण माझ्या हातचा चहा पिऊन जाईल. कलेक्टर असो की वीजबिलवाला. पाजल्याशिवाय मी कुणाला सोडला नाही. आमच्या गल्लीत पोस्टमन यायला घाबरायचा, असं लोक म्हणत.

आणि आज सरकारचं माणूस माझ्या घरात बसलं होतं. बूट काढून.

नर्सबाई मिलिंदला काही विचारत होती. मी वॉकर धरला आणि निसटले. यष्टीचे दोन्ही थांबे पार करून ओट्याशी पोचले.

तो चहा मी कसा केला ते माझं मला माहीत. इथला दुधाचा कॅन म्हणजे म्हशीचं रेडकू. तो उचलेना, म्हणून ओट्यावर आडवा पाडला आणि घरंगळत पातेल्यापर्यंत आणला. निम्मं दूध जमिनीनं प्यालं. आलं दातानं तोडलं. साखरेची पिशवी काखेत दाबून बोटानं फोडली. शेगडीचं बटण बारीक करताना मनगट तापल्या पातेल्याला लागलं, डाग अजून आहे. तेवढ्या वेळात कुणी नागपूरला जाऊन संत्री घेऊन परत आला असता. उकळी आली आणि मी रडले. कुणी पाहिलं नाही, म्हणून सांगते.

मिलिंद धावत आला. खालचं दूध बघून फडकं शोधायला लागला. मागून नर्सबाई. मी डाव्या हातानं कप तिच्याकडे सरकवला. मनात म्हणाले, म्हण आता. म्हण आत्ताच घेऊन आले.

ती प्यायली. उभ्या उभ्या, फुंकर घालत, सगळा. तळाला राहिलेला आल्याचा तुकडाही चावला. "वंडरफुल," म्हणाली. तो शब्द मला कळला. माझी आई असती तर त्या दिवशी मी तिच्यासमोर नाचले असते, एका पायावर.

मग तिनं लिहिलं. जे पाहिलं ते लिहिलं. गरम पेय स्वतः तयार करते. आंघोळ स्वतः करते. घर प्रशस्त, सुंदर. तिनं खोटं काही लिहिलं नाही. माझ्यावर माया केली आणि खरं लिहिलं.

पत्र आलं. शरीर पुरेसं मोडलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मिलिंद म्हणाला, "आपण अपील करू." म्हणून ही सुनावणी.

साहेबाच्या खोलीबाहेर बाक होता. त्यावर जोगळेकरबाई बसलेल्या. मराठी मंडळाच्या गणपतीत भेटायच्या. नवरा मोठा इंजिनिअर होता, गेला. बाई एकट्या, मुलगी दूर, दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला. दोन्ही हात थरथरायचे, इतके की आरतीचं ताट कुणी त्यांच्या हाती देत नसे. मंडळात त्या मला "अहो नागपूरच्या" म्हणायच्या. माझं आडनाव त्यांनी एकदा विचारलं होतं. मग पुन्हा विचारलं नाही.

त्या आतून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. त्यांना पहिल्या दारातून सोडलं, दुसऱ्यातून हाकललं. घर त्यांच्या नावावर, बँकेत नवऱ्याचं ठेवलेलं. साहेबानं सांगितलं, आधी ते संपवा, काही उरलं नाही की या.

आता खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. जोगळेकर. आणि सरकार म्हणतं, बाई, तुम्ही फार वरच्या, तुम्हाला प्रवेश नाही. माझ्या पोटात सात वस्त्यांच्या हलग्या वाजल्या.

मग बाई उठल्या आणि कोटाची चेन लावायला लागल्या. खालची दोन टोकं जुळेनात. हात इकडे, चेन तिकडे. मिलिंद गाडी लावायला गेलेला. बाई तशाच लढत राहिल्या, आणि त्यांच्या साडीच्या घोळावर मला एक ओला डाग दिसला. तो त्यांना लपवायचा होता, म्हणून कोट लावायचा होता. माझ्या हलग्या थांबल्या.

मी वॉकर बाजूला केला. डाव्या हातानं चेनीचं खालचं टोक दाबून धरलं. त्यांनी वरून ओढली. सुटली. पुन्हा धरलं. दोघींचे मिळून चार हात, कामाचा एक आणि दोन अर्धे. शेवटी चेन गळ्यापर्यंत गेली.

बाईंनी श्वास सोडला. आणि म्हणाल्या, "तुमचं होईल हो काम. या सोयी तुमच्यासारख्यांसाठीच तर असतात. आम्ही उगाच आलो."

तुमच्यासारख्यांसाठी.

त्यात त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. "आत्ताच घेऊन आलो" हे किती गोड बोलले होते ते.

आणि तिथे, त्या बाकावर, माझ्या डोक्यात काहीतरी खट्‌कन उघडलं. मार्केटात पुढे नगरपालिकेचा नळ आला होता. ज्या दिवशी आला त्या दिवशी दिवाणजीही त्याच नळाखाली हात धुवायला आला. नळानं त्याला विचारलं नाही की तुझ्या शेठकडे माठ आहे, तू इकडे काहून आलास. मलाही विचारलं नाही की तुझ्याकडे माठ नाही हे दाखव. त्या दिवसापासून माझी ओंजळ सुटली. दिवाणजी त्या नळावर आला म्हणून सुटली. फक्त आम्हालाच दिला असता, तर तोही वरून ओतलेलंच पाणी झाला असता.

मी म्हणाले, "नाही बाई. तुम्हालाही मिळायला पाहिजे."

"अहो, पण आमचं घर आहे, पैसे..."

"घर आंघोळ घालतं का तुम्हाला?"

त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली.

"तुम्हाला मिळत नाही तोवर मला मिळेल ती भीक असेल. शरीर मोडलं की मिळालं पाहिजे. तिजोरीत हात घालून बघायचं नाही, तुमच्याही नाही, माझ्याही नाही."

जोगळेकरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांच्या घरात शिरून पाट मांडून बसले. टॅक्सी आली, गेल्या. पुढे गणपतीत भेटल्या तेव्हाही "अहो नागपूरच्या"च म्हणाल्या.

तर, आत साहेब ओरडत होता. यस ऑर नो.

मग त्यानं चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. वाईट माणूस नव्हता. घरी त्यालाही आई असणार. मिलिंदशी काहीतरी बोलला. मिलिंदचा चेहरा उजळला. तो माझ्याकडे वळला.

"आई, सिंपल आहे. ते म्हणतायत, नर्सचा गैरसमज झाला असेल. चहा मी केला, तू नुसता कप पुढे सरकवलास, असं सांग. मग ते पुन्हा पॉइंट्स बघतील. आई, प्लीज यार. एवढंच."

एवढंच. आयुष्यभर मी थापा विकल्या. वाघाला संत्र्यानं मारल्याची थाप मारलीय मी, आणि लोकांनी ऐकलीय. ही तर थापसुद्धा नव्हती, थापेचं पिल्लू. आणि पलीकडे काय होतं? ती बाई. माझ्या मुलाचे उघडे डोळे.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, सांगायलाच.

आणि चुलीजवळचा तो कप दिसला. साय धरलेला. एकदा सरकारचं माणूस आमच्या घरचा चहा पूर्ण प्यायलं होतं, आणि आता मी सांगू की तो माझा नव्हताच? माझ्याच तोंडानं सांगू की मला पडायला, मरायला येतं, आल्यागेल्याला चहा द्यायला येत नाही?

"चहा मीच केला," मी म्हणाले.

"आई..."

"सांग त्याला. चहा मीच केला. आणि आंघोळ मी करत नाही. तू घालतोस. तेही सांग. जसंच्या तसं सांग. डोळे मिटून घालतोस, तेही."

मिलिंद सांगेना. मग मीच साहेबाकडे वळले. मला येणारं सगळं इंग्रजी गोळा केलं. छातीवर डावा हात मारला. "टी, मी." मिलिंदच्या खांद्यावर मारला. "बाथ, सन." आणि त्याला ऐकू यावं म्हणून ओरडून, एकेका शब्दामागे थांबून सांगितलं.

साहेबानं कागद उलटून पाहिले. मग मिलिंदला म्हणाला की आंघोळीचं उत्तर नोंदलेलं आहे, अर्ज फेटाळला गेल्यावर लोक उत्तरं बदलतात, आणि चहाचं तर आता बाईंनी स्वतःच कबूल केलं. वर म्हणाला, अशा घरात राहणाऱ्यांनी माणूस ठेवावा. मिलिंदनं मला शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं नाही. पण 'हाऊस' हा शब्द मला कळतो.

अर्ज वर्षभरानं पुन्हा करता येतो. वर्षाच्या आत शरीर आणखी मोडलं तर लवकरही करता येतो. साहेबानं हे शुभेच्छा दिल्यासारखं सांगितलं.

मिलिंदनं मला गाडीत बसवलं. बाहेर बर्फ पडत होता. मी एक विनोद केला, आता आठवत नाही. चांगला नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं खुर्ची टबात ठेवली. मला उचलून बसवलं. डोळे मिटले. मी पाणी अंगावर येऊ दिलं, आणि मग म्हणाले, "डोळे उघड, मिलिंद."

तो साबण घेऊन माझ्या मागे गेला.

"उघड. यात लाजायचं मला काही नाही आणि तुलाही नाही. आपण पुन्हा अर्ज करू. पुन्हा बाई येईल. मी पुन्हा चहा करीन, आणि तिला सांगीन की आंघोळ मला येत नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिही म्हणीन. नाही लिहिलं तर पुन्हा. त्या जोगळेकरबाईचंही लिही म्हणीन. आणि चहा केला म्हणून मला माणूस देत नसतील तर मी रोज चहा करीन. पण मान खाली घालणार नाही."

पाणी पडत राहिलं. त्यानं डोळे उघडले की नाही, ते मला दिसलं नाही. तो माझ्या मागे उभा होता.

"मान खाली कर, आई," तो म्हणाला. "शॅम्पू आहे."